मोटारीला स्टार्टर कोणता बसवावा?



ऐन उन्हाळ्यात मोटार जळली की रिवाइंडिंगला चार दिवस जातात, पाण्याची पाळी चुकते आणि ऊस माना टाकतो. आपण लाईटला दोष देतो. पण पुष्कळदा दोष स्टार्टरच्या निवडीत आणि वापरात असतो.

थांबलेली मोटार फिरू लागताना नेहमीच्या सहा ते आठ पट करंट ओढते. दहा एच.पी.ची मोटार चालताना साधारण १५ अँपिअर घेते, डी.ओ.एल. स्टार्टरवर सुरू होताना क्षणभर ९० च्या वर जाते.

१) डी.ओ.एल. : मोटारीला थेट पूर्ण व्होल्टेज मिळते. स्वस्त व साधा. पाच, फार तर साडेसात एच.पी.पर्यंत ठीक.

२) स्टार-डेल्टा : आधी स्टार, वेग आल्यावर डेल्टा. सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर येतो, पण ताकदही तेवढीच उरते. मोटारीच्या सहा वायरी बाहेर हव्यात. तीनच असतील तर हा चालत नाही. वेग येण्याआधी घाईने डेल्टात टाकल्यास फायदा जातो.

३) सॉफ्ट स्टार्टर : व्होल्टेज हळूहळू चढवतो. लांब पाइपलाइनला धक्का बसत नाही. किंमत जास्त.

४) व्ही.एफ.डी. : वेगच कमी-जास्त करतो. वेग २० टक्के उतरला तर पंपाला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते. ठिबकचे लहान-मोठे प्लॉट असतील तर उपयोगी. मात्र वेगाबरोबर दाबही घटतो; खोल बोअरवर वेग फार उतरवला तर पाणी वर येणारच नाही.

आता मुख्य गोष्ट. ऑटो स्विच टाकून आपण घरी झोपतो. लाईट आली की एका डी.पी.वरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. व्होल्टेज कोसळते, मोटारी घुरघुरतात, फ्यूज उडतात आणि डी.पी.सुद्धा जळते. म्हणून ऑटोला टायमर लावा. शेजाऱ्यांशी बोलून कुणी एक मिनिट, कुणी दोन, कुणी तीन असा ठेवा. खर्च थोडा, पण डी.पी. सर्वांची वाचते.

रिले मोटारीच्या पाटीवरील करंटनुसार लावा. स्टार-डेल्टात तो बहुधा त्याच्या ५८ टक्क्यांवर असतो. वायरमनकडून खात्री करून घ्या. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून तो काढून थेट जोडू नका. तो काहीतरी सांगत असतो. एक फेज गेल्यास मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर तर हवाच.

रिवाइंडिंगच्या खर्चापेक्षा हे सारे स्वस्तच पडते.

— ऊस विकास अधिकारी