उष्णतेची साक्ष

२०२५चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाले. चाळीस वर्षांपूर्वी बर्कलीत त्यांनी धसास लावलेला प्रश्न असा होता: अतिवाहक जंक्शन ‘उडते’ तेव्हा त्यात उष्णतेचा हात किती?

१९६२ साली केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भाकीत केले, की दोन अतिवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा अतिशय पातळ थर असला तरी त्यातून शून्य व्होल्टेजला प्रवाह वाहील. बेल लॅब्समध्ये अँडरसन आणि रॉवेल यांनी १९६३ मध्ये ते खरे ठरवले. या प्रवाहाला कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की या जोडणीवर, म्हणजे जंक्शनवर, एकदम व्होल्टेज उभे राहते; हेच ‘उडणे’. नायोबियमच्या जंक्शनवर सुमारे २.८ मिलिव्होल्ट.

प्रत्यक्षात मात्र जंक्शन मर्यादा गाठण्याआधीच उडते. खळग्याखळग्यांच्या उतारावरची गोटी डोळ्यांसमोर आणा. ती खळग्यात असेतो व्होल्टेज शून्य; ती सुटली की जंक्शन उडते. प्रवाह वाढला की उतार वाढतो, आणि काठ पुरता झिजण्याआधीच उष्णतेचे धक्के गोटीला बाहेर काढतात. द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला हे धक्के सुमारे ०.१८ मायक्रोअँपिअरच्या तोडीचे असतात.

१९७४ मध्ये फुल्टन आणि डंकलबर्गर यांनी मोजणीची रीत घालून दिली. प्रवाह संथपणे चढवायचा, उडीच्या क्षणाचा आकडा टिपायचा, पुन्हा शून्यावर यायचे. असे हजारो वेळा. या आकड्यांचा पट्टा थंडीबरोबर अरुंद होत जातो. सारा खेळ उष्णतेचाच असता, तर तो निरपेक्ष शून्याकडे जाताना मिटून गेला असता. तो मिटत नाही. एका तापमानाखाली तो स्थिरावतो, कारण गोटी आता काठावरून न जाता पुंजयामिकीच्या नियमाने काठातून आरपार जाते.

शंका रास्त होती: खोलीतली उष्णता तारांमधून झिरपत नसेल कशावरून? बर्कलीच्या चमूने तारांवर तांब्याच्या भुकटीच्या गाळण्या बसवल्या. मग चुंबकीय क्षेत्राने त्याच जंक्शनची मर्यादा घटवली. आता उड्या पुन्हा तापमानाप्रमाणे बदलू लागल्या. बाहेरचा गोंगाट कारण असता, तर त्या इथेही स्थिरावल्या असत्या. शंका मिटली.

उष्णतेच्या तऱ्हा इथे संपत नाहीत. काही जंक्शनांत तापमान वाढवल्यावर पट्टा उलट अरुंद होतो, कारण सुटलेली गोटी घर्षणाने पुढच्या खळग्यात पुन्हा अडकते. २००५ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी हे दाखवले. मध्ये साधा धातू असलेल्या जंक्शनांत उडीनंतर इलेक्ट्रॉनच तापतात, आणि अतिवाहक अवस्थेत परतण्यासाठी प्रवाह बराच खाली आणावा लागतो.

आजच्या पुंजसंगणकांतल्या अतिवाहक क्युबिटच्या, म्हणजे माहितीच्या मूलभूत एककाच्या, गाभ्यात हेच जंक्शन आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेसोबत २०२४ मध्ये सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी घेतली. क्युबिट किती, हे विचारताना वाचकांनी आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: उष्णता बाहेर कशी ठेवली? या यंत्रांचे यश त्या उत्तरावरही अवलंबून आहे.