आईचा वाढदिवस, डिमसम आणि गव्हाचा चीक

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आजचा एपिसोड लेखी. विषय खाण्याचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून.

आई साठ वर्षांची झाली. ती आणि बाबा धामणगाव रेल्वेहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला माझ्याकडे आले. मी हौसेनं एका महागड्या डिमसम रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं. मंद दिवे, इंग्रजी मेनू, समोर चॉपस्टिक्स. वेटर जे काही विचारत होता ते फक्त मला. आईनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि हळूच म्हणाली, "तुम्ही खा, मले भूक नाही." वाढदिवस तिचा, आणि उपाशी तीच!

तर आधी, डिमसम म्हणजे काय? हा एकच पदार्थ नाही. चीनच्या ग्वांगडाँग भागातली आणि हाँगकाँगची ही चहासोबत खायच्या छोट्या-छोट्या पदार्थांची पद्धत आहे. तिकडे या बैठकीला 'यम चा' म्हणतात, म्हणजे सरळ 'चहा पिणे'. बरेचसे पदार्थ बांबूच्या टोपलीत वाफवतात. बाओ म्हणजे यीस्टनं फुगवलेला, सारण भरलेला पाव. शुमाय वरून उघडा असतो. आणि आपल्या नाक्यावरचा मोमो? तो तिबेट-नेपाळकडचा, मैद्याच्या पारीचा. चुलत भाऊ म्हणा हवं तर.

आम्ही मागवलेली पहिली टोपली उघडली. आत काचेसारख्या पारीचे व्हेज डंपलिंग, आतली भाजी बाहेरून दिसत होती. आई वाकून बघत मोठ्यानं म्हणाली, "अरे, हे तं कुरड्याच्या चिकावानी दिसते!"

शेजारच्या टेबलानं वळून पाहिलं. आणि मी काय म्हणालो? "आई, हळू बोल ना."

ती गप्प झाली. घरी येऊन मी शोधलं, तर ती शंभर टक्के बरोबर होती.

उन्हाळ्यात आपल्याकडे गहू दोन-तीन दिवस भिजवतात, वाटतात, गाळतात. तळाशी बसतो तो चीक, म्हणजे गव्हाचा स्टार्च. या पारदर्शक पारीचं मुख्य पीठही तेच, गव्हाचा स्टार्च! तो कणकेतून ग्लुटेन वेगळं करून काढतात. कणकेला ताण देतं ते हे ग्लुटेन, आणि शिजल्यावर पारी पांढरट, अपारदर्शक दिसते तीही बरीचशी त्याच्यामुळेच. ते काढलं की उरलेला स्टार्च उकळत्या पाण्यात फुगतो आणि शिजल्यावर आरपार दिसतो. फक्त ताण गेल्यामुळे पारी फाटते, म्हणून त्यात टॅपिओकाचा स्टार्च घालतात. आपला साबुदाणा बनतो तोच. म्हणजे त्या टेबलावर पारीतलं सगळ्यात जास्त कळत होतं ते माझ्या आईला, आणि मी तिलाच गप्प केलं.

आता, घरच्यांना घेऊन जाणार असाल तर:

एका टोपलीत साधारण तीन-चार नग येतात. सगळं एकदम मागवू नका. दोन टोपल्या, मग पुढच्या दोन. गरम खाण्यातच मजा आहे.

शाकाहारी असाल तर फक्त 'व्हेज आहे का' विचारून थांबू नका. पारीत अंडं आहे का, सॉस ऑयस्टरचा आहे का, हेही विचारा. ऑयस्टर म्हणजे कालवं.

चॉपस्टिक्स जमत नसतील तर चमचा मागा. बाओ तर हातानंच खातात.

आणि मेनू मोठ्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. ऑर्डर त्यांनाच देऊ द्या.

परतीच्या गाडीच्या आदल्या रात्री मी आईला हे सगळं सांगितलं आणि सॉरी म्हणालो. ती हसली. "मंग? मी का खोटं बोलली होती?" या उन्हाळ्यात चीक घोटायला मी धामणगावला जाणार आहे. पारी जमली तर एपिसोड येईलच, फाटली तरी येईल.

तुमच्या घरचं कोण असं मेनू बघून 'भूक नाही' म्हणतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!