बीबीए करायचं, पण कुठून?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या वाणिज्य शाखेत शिकवणाऱ्यांचे फोन पंधरा दिवस थांबत नाहीत. प्रश्न ठरलेला असतो. 'सर, मुलाला बीबीएला घालायचंय. कुठलं विद्यापीठ चांगलं?' मी उलट विचारतो, 'बीबीएच का?' पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग उत्तर येतं, 'पुढे एमबीए करायचंय ना, मग पाया नको का पक्का?'

हा पाया आधी तपासून घेऊ, कारण त्याच्या नावाखाली मध्यमवर्गीय घरातून बरेच लाख रुपये बाहेर पडतात. आयआयएमसाठी जी कॅट परीक्षा असते, तिची शैक्षणिक अट काय? मान्यताप्राप्त विद्यापीठाची किमान तीन वर्षांची पदवी आणि ५० टक्के गुण. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५ टक्के. शाखेची अट नाही. तिथे अभियंते येतात, साधे बी. कॉम. येतात, इतिहासाचे आणि कृषीचे पदवीधरही येतात. बीबीए नसेल तर एमबीएचं दार बंद, असं अजिबात नाही. उलट बीबीएत शिकलेलं विपणन, मनुष्यबळ, संघटनशास्त्र एमबीएच्या पहिल्या वर्षाला पुन्हा समोर येतं.

मग बीबीए करूच नये का? जरूर करावं. ज्याला तीन वर्षांनी नोकरी धरायची आहे, घरचं दुकान किंवा कारखाना सांभाळायचा आहे, किंवा ज्याला हा विषय मनापासून आवडतो, त्याच्यासाठी हा चांगला अभ्यासक्रम आहे. पण 'पाया' म्हणून तो विकत घेत असाल, तर किंमत फार सांभाळून द्यायला हवी.

नावांचा गोंधळही थोडा दूर करू. मुंबई विद्यापीठाने १९९९ मध्ये बीएमएस सुरू केलं. पुण्याकडे बीबीए हे नाव रुळलं. कुठे बीबीएम म्हणतात. आतला माल जवळपास तोच. त्यामुळे नावावरून भांडण्यात अर्थ नाही. भांडायचं असेल तर पदवीच्या कागदावर सही कोणाची, यावर भांडा.

हे उदाहरणानेच सांगतो. मुंबईत चर्चगेट स्टेशनला उतरा. चालत पंधरा मिनिटांच्या आत चार नामवंत महाविद्यालयं आहेत. सिडनहॅम हे १९१३ चं. पिढ्यानपिढ्या त्याची पदवी म्हणजे मुंबई विद्यापीठाची पदवी. २०१९ मध्ये एल्फिन्स्टनसह काही सरकारी महाविद्यालयं एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झालं आणि सिडनहॅम त्यात गेलं. शेजारची एच. आर. आणि के. सी. ही महाविद्यालयं २०२० मध्ये स्थापन झालेल्या एचएसएनसी विद्यापीठात गेली. तिथूनच जवळचं जयहिंद मात्र मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहून स्वायत्त आहे. म्हणजे एका रिक्षाच्या भाड्याइतक्याही अंतरात नाही (तसं त्या भागात रिक्षा चालतच नाहीत म्हणा!) आणि पदवीवर नावं तीन वेगवेगळ्या विद्यापीठांची. यात कुठलं वाईट असं मी म्हणत नाही. पण वडील १९८५ साली तिथे शिकले म्हणून आपणही तेच घेतोय, असं समजून अर्ज भरू नका.

विलेपार्ल्यात आणखी एक गंमत आहे. नरसी मोनजी या नावाचं जुनं वाणिज्य महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आणि स्वायत्त. आणि त्याच नावाची व्यवस्थापन संस्था, जिला आपण एनएमआयएमएस म्हणतो, ती २००३ पासून अभिमत विद्यापीठ. ट्रस्ट एकच, परिसरही जवळपास तोच. पण प्रवेशाची रीत वेगळी, फी वेगळी आणि पदवी वेगळी. 'एनएमला मिळाला' असं कोणी सांगितलं, तर नेमकं कुठे, हे विचारायलाच हवं.

स्वायत्त म्हणजे काय, तर अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाची, पदवी विद्यापीठाची. अभिमत किंवा खासगी विद्यापीठ म्हणजे सगळंच त्यांचं. आणि जी संस्था या कशातच बसत नाही, फक्त 'परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने' असं गुळगुळीत कागदावर छापते, तिथे थांबा. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने खास तो अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते आणि बनावट विद्यापीठांचीही. दोन्ही पाहायला दहा मिनिटं लागतात.

आता २०२४ पासून बदललेल्या गोष्टीकडे येतो, कारण इथे मोठी माणसंही गोंधळतात. २०२४-२५ या वर्षापासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. त्यापाठोपाठ महाराष्ट्रात या अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, सुरू झाली. पहिल्या वर्षी जागा लाखाच्या वर होत्या आणि परीक्षेला बसले पन्नास हजारांच्या आत. शेवटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जादा परीक्षा घ्यावी लागली. दरम्यान अनेक महाविद्यालयांनी एक वाट काढली: अभ्यासक्रम साधारण तोच ठेवून त्याचं नाव 'बी. कॉम., व्यवस्थापन अभ्यास' असं केलं. मग तो परिषदेच्या कक्षेत नाही आणि सीईटीही नाही.

विद्यार्थ्याला हे सोयीचं वाटतं: एक परीक्षा वाचली. पण पैशाच्या बाजूने बघा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्यातून वगळलेली आहेत. म्हणजे बापाने ओळख काढून कोट्यातून जागा मिळवली, तर कधी कधी तो हातची माफी घालवून पैसे मोजत असतो. तुमच्या पसंतीच्या महाविद्यालयात हा अभ्यासक्रम नेमका कुठल्या नावाने, कुठल्या प्रक्रियेतून भरला जातो आणि त्याला कुठली शिष्यवृत्ती लागू आहे, हे कार्यालयात जाऊन लेखी विचारा. तोंडी 'होऊन जाईल' यावर विसंबू नका.

क्रमवारीचं काय, असं पालक विचारतात. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. तिच्यात 'व्यवस्थापन' असा गट आहे आणि गेली अनेक वर्षं तिथे पहिलं नाव अहमदाबादच्या आयआयएमचं. पण तो गट मुख्यतः एमबीएच्या पातळीवरच्या संस्थांचा. एखादं खासगी विद्यापीठ या यादीत चाळिसाव्या क्रमांकावर असेल, तर तो मान त्याच्या एमबीए विभागाने कमावलेला असू शकतो. त्याच आवारात पलीकडच्या इमारतीत बीबीएचे वर्ग कोण घेतं, याचा त्या क्रमांकाशी फारसा संबंध नसतो. नॅकची श्रेणीही संपूर्ण महाविद्यालयाची असते, एका अभ्यासक्रमाची नव्हे.

आणि नोकऱ्यांचे आकडे! फलकावर सर्वांत मोठा पगार छापतात. तो एका मुलाचा असतो. तुम्ही मधल्या मुलाचा विचारा. वर्गात किती मुलं होती, त्यातल्या किती जणांनी नोकरीसाठी नाव दिलं, किती जणांना मिळाली, आणि सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला किती? या प्रश्नाला जे कार्यालय सरळ उत्तर देतं, त्याच्याबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं, आकडा लहान असला तरी.

पैशाचा हिशेब मात्र कागदावर मांडायलाच हवा. समजा, फी वर्षाला ३ लाख आणि परगावी राहण्या-जेवणाचा खर्च दीड लाख. तीन वर्षांचे साडेतेरा लाख झाले. यातले १० लाख बँकेकडून घेतले, व्याज १० टक्के आणि फेड सात वर्षांची धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण १६ हजार ६०० रुपये बसतो. शिक्षण चालू असताना साठलेलं व्याज मुद्दलात मिळवलं, की तो आणखी वाढतो. एकविसाव्या वर्षी पहिली नोकरी लागलेल्या मुलाने पुण्या-मुंबईत खोलीचं भाडं देऊन हा हप्ता भरायचा. आणि याच मुलाला दोन-चार वर्षांनी एमबीए करायचं आहे, म्हणजे पुन्हा कर्ज. पहिलं कर्ज डोक्यावर असताना बँक दुसऱ्याचा विचार करताना हात आखडता घेते, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या ओळखीच्या एका अडत दुकानदाराने मुलीसाठी रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकायची तयारी केली होती. खासगी विद्यापीठाचं देखणं माहितीपत्रक घरी आलं होतं. मुलगी हिशेबात हुशार. मी म्हटलं, जमीन राहू द्या. तिला विचारा, तिला नेमकं काय आवडतं. तिला आकडेच आवडत होते. तिने जिल्ह्याच्या ठिकाणी बी. कॉम.ला प्रवेश घेतला आणि बरोबरीने सीएची पहिली परीक्षा दिली. २०२३ च्या नव्या योजनेत सीएची उमेदवारीही तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. ती सीए होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही, ती परीक्षा कठीणच आहे. पण झाली नाही तरी जमीन जागेवर आहे आणि पदवीही हातात असेल.

याउलट ज्या मुलाची तयारी खरोखर जोरदार आहे आणि घरची ऐपत आहे किंवा शिष्यवृत्तीची खात्री आहे, त्याने आयआयएमचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम नजरेआड करू नये. इंदूरने तो २०११ मध्ये सुरू केला, पुढे रोहतक, रांची अशा इतरांनीही. बारावीनंतरच प्रवेश परीक्षा, आणि शेवटी हातात एमबीए. दिल्लीचं शहीद सुखदेव महाविद्यालय तर व्यवस्थापनाच्या पदवीसाठीच ओळखलं जातं, आणि दिल्ली विद्यापीठाचं महाविद्यालय असल्याने खासगी संस्थांच्या तुलनेत फी पुष्कळ कमी. अशा ठिकाणी प्रवेश मिळत असेल, तर गाव सोडायला हरकत नाही.

पण बहुसंख्य मुलांची निवड आपल्या जिल्ह्यातल्या, फार तर शेजारच्या शहरातल्या चार-पाच महाविद्यालयांतून व्हायची असते. तिथे माझा सल्ला साधा आहे. वर्ग चालू असतील अशा एखाद्या दिवशी दुपारी तिथे जा. स्वागतकक्षात नको, सरळ उपाहारगृहात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं भेटतील. त्यांना विचारा, कालचे किती तास झाले? लेखाशास्त्र आणि संख्याशास्त्र कोण शिकवतं? शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर? तासिका तत्त्वावरची माणसं वाईट शिकवतात असं नाही, काही तर फार जीव तोडून शिकवतात. पण त्यांना तासागणिक पैसे मिळतात, ती दिवसभरात दोन-तीन ठिकाणी धावत असतात, आणि वर्गानंतर मुलाला शंका विचारायला ती सापडत नाहीत.

मग प्रकल्प अहवालाचा विषय काढा. बीबीएतला सगळ्यात कसदार भाग खरं तर हाच: एखाद्या दुकानात, पतसंस्थेत, कारखान्यात महिना-दोन महिने बसायचं आणि काय पाहिलं ते लिहायचं. तो मनापासून केलेल्या मुलाला मुलाखतीत काहीतरी सांगण्यासारखं असतं. आणि काही महाविद्यालयांच्या बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात हाच अहवाल बांधणीसकट तयार मिळतो, फक्त नाव बदलायचं. आत जायच्या आधी त्या दुकानात एक चक्कर मारा. महाविद्यालयाबद्दल तो दुकानदार माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतो.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. प्रवेश घेताना काही संस्था मुलाचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका ठेवून घेतात, आणि मग दुसरीकडे नंबर लागला तरी मूल अडकतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ कागद पडताळून लगेच परत द्यायचे असतात. फी परतीचेही टप्पे तिथे दिले आहेत: प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर किरकोळ प्रक्रिया खर्च वजा जाता पूर्ण फी, त्यानंतर ९० टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि पुढे काही नाही. म्हणून पहिला हप्ता भरण्याआधी ती शेवटची तारीख विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवा, आणि रद्द करायचा अर्ज दिलात तर त्याची पोच शिक्क्यासह घ्या.