रुग्णाचे कागद कोणाचे?

किनाऱ्यावरच्या गावात मोठे दुखणे आले की आधी गाडी शोधावी लागते. मालवणचा रुग्ण ओरोसला जातो आणि तेथून पुष्कळदा थेट गोव्यात, बांबोळीला. सोबत एक चिठ्ठी असते. तीत काय लिहिले आहे हे नातेवाईक सहसा विचारीत नाहीत. असे कागद किती मोलाचे असतात हे समजण्यासाठी कोकण किनाऱ्यावरच सुरू झालेली एक जुनी हकिगत आपण पाहू.

६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या पुळणीवर अपघात होऊन सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या बांधून पाय स्थिर केला. पुढे टॅक्सीने सुमारे २०० मैलांचा, अकरा तासांचा प्रवास करून त्याला पुण्याला नेले. ९ मे रोजी तेथील एका खासगी रुग्णालयात हाड बसवण्यात आले आणि त्याच रात्री तो मरण पावला.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण होते 'फॅट एम्बोलिझम'. लांब हाड मोडले की मज्जेतील चरबीचे सूक्ष्म थेंब रक्तात शिरू शकतात. ते फुप्फुसातील बारीक रक्तवाहिन्यांत अडकले तर श्वास बिघडतो, प्रसंगी प्राणही जातो. म्हणजे हे कारण अशक्य कोटीतले नव्हते. वडिलांचे म्हणणे मात्र वेगळे होते: भूल न देता, जोर लावून हाड बसवल्यामुळे बसलेल्या धक्क्याने मुलगा गेला. धक्का म्हणजे येथे नुसती भीती नव्हे. रक्ताभिसरण कोसळून अवयवांना रक्त न पुरणे. या दोहोंत निवाडा करायचा तर कोणते औषध किती वाजता दिले, नाडी आणि रक्तदाब किती होता, श्वास केव्हा बिघडला, याच्या वेळच्या वेळी केलेल्या नोंदी हव्यात. प्रयोगवहीत निरीक्षणच नसेल तर निष्कर्ष कशावरून काढणार?

वडील स्वतः डॉक्टर होते. तरी 'जोशी विरुद्ध गोडबोले' हा खटला सर्वोच्च न्यायालयात संपायला १९६८ साल उजाडले. भूल न देता हाड बसवले आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला, हे न्यायालयांनी मान्य केले. दाखल्यावरचे कारण खरे कारण झाकण्यासाठी दिले, असाही निष्कर्ष निघाला. भरपाई ३,००० रुपये. आम्हांला राहून राहून वाटते, बाप डॉक्टर नसता तर त्या इंग्रजी शब्दावर शंका तरी कोणी घेतली असती?

अर्थात रुग्ण दगावला म्हणजे चूक झालीच असे नाही, आणि प्रत्येक चूक म्हणजे हलगर्जीपणाही नव्हे. रोगनिदान काळजी घेऊनही चुकू शकते. हा भेद नोंदींवरूनच कळतो. म्हणून त्या प्रामाणिक डॉक्टरांच्याही उपयोगी असतात.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रहेजा खटल्यात स्पष्ट केले की, रुग्णाच्या कागदांबाबत रुग्णालयाला रुग्णापासून गुप्तता पाळता येणार नाही. मागितल्यास प्रती द्याव्याच लागतील. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली. २०२१ पासून महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. इंग्लंडमध्ये २०१४ पासून याच्या पुढचे पाऊल आहे: उपचारात गंभीर इजा झाली तर रुग्णालयाने ती स्वतःहून रुग्णाला सांगायची. आपल्याकडे मात्र मागितल्याशिवाय कागद मिळत नाही, असाच अनुभव.

मागणी लेखी करावी, तारीख घालून पोच घ्यावी. २००२ चे नियम देशभराचे असल्याने ओरोसला जे लागू, तेच बांबोळीला. उशीर मात्र करू नये. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जपण्याचे बंधन आहे, आणि ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत तर दोनच वर्षांची.