किती वाव पाणी?

भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराकडे निघायचं असेल तर आधी तिथी बघावी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटीचं पाणी इतकं ओसरतं की मोरा बंदरातल्या गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही आणि काही तास फेऱ्याच बंद राहतात. मी निघालो ती द्वितीया होती, म्हणजे उधाण अजून ओसरलेलं नव्हतं. दुपारची लाँच मिळाली, तेव्हा बाकड्यावर शेजारी बसलेल्या मावशींनी सांगून टाकलं, ‘जाशील, पण परत यायला रात्र होईल.’

डाव्या हाताला तेलाचे टँकर लागलेलं जवाहर द्वीप, मग घारापुरी, आणि त्यापलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन. उंटांचा तांडा पाण्याकाठी उभा असावा तशा. दीडशे वर्षांची मुंबईची गोदी मागे आणि आज देशातल्या प्रमुख बंदरांमधले निम्म्याच्या आसपास कंटेनर हाताळणारं बंदर पुढे, अशी ही पाऊण तासाची वाट.

आपले कोळी समुद्राची खोली वावात मोजतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. बंदरांबद्दल वाचताना आपल्यासमोर टनांचे आणि कोटींचे आकडे येतात, पण बंदराचं नशीब ठरतं ते या वावांवर. पाणी किती खोल आहे आणि ते तसं किती काळ राहणार, हा पहिला प्रश्न. बाकी सगळं त्यानंतर.

कोकणकिनाऱ्यानं हे फार आधी पाहिलेलं आहे. सोपारा हे अशोकाच्या काळातलं महत्त्वाचं ठाणं. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तिथे सापडले आहेत. कल्याणचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात येतो. चौल तर कित्येक शतकं गाजलं. आज सोपाऱ्यात आणि कल्याणात लोकल थांबते, जहाज नाही. खाड्यांमध्ये गाळ साचत गेला, जहाजं मोठी होत गेली आणि व्यापार खोल पाण्याकडे सरकला.

मुंबईच्या वाट्याला हे खोल पाणी आलं. बेटांच्या आडोशाला शांत, ऐसपैस बंदर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि 1873 मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट, म्हणजे बीपीटी, उभा राहिला. 1875 मध्ये ससून डॉक, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, पुढे व्हिक्टोरिया आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली गाडलेलं खैराचं जंगल सापडलं होतं, मुळांसकट उभं. जिथे आपण समुद्र म्हणतो तिथे कधीतरी जमीन होती, हे त्या मजुरांनी कुदळीच्या टोकावर पाहिलं. आणि अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीनं समुद्रात भर घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली.

या गोद्यांना दारं असत, कारण मुंबईत भरती-ओहोटीतला फरक उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो. भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, म्हणजे ओहोटीतही आतलं पाणी टिकून राहतं. विलक्षण साधी आणि सुंदर युक्ती. पण इंदिरा डॉकचं दार जेमतेम साडेतीस मीटर रुंद आहे. शंभर वर्षांपूर्वी ते भव्य वाटत असेल. आजची मोठी कंटेनर जहाजं त्यातून आत शिरूच शकत नाहीत.

या गोदीनं मुंबईचा पूर्व किनारा घडवला. कॉटन ग्रीन आणि डॉकयार्ड रोड ही स्टेशनांची नावं, येलो गेट, ऑरेंज गेट हे रंगांनी ओळखले जाणारे दरवाजे, आणि ‘मुलगा बीपीटीत आहे’ हे लग्नाच्या बोलणीतलं वजनदार वाक्य. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो लोक पाठीवर पोती वाहत, हातातल्या आकड्यानं गासड्या ओढत. रोज सकाळी काम मिळेल की नाही याची खात्री नसे. प्लॅसिड डिमेलो यांच्यासारख्या कामगार पुढाऱ्यांचे लढे आणि 1948 चा गोदी कामगार कायदा यांतून त्या अनिश्चित जगण्याला काही नियम आले. या शहराचं वैभव सांगताना गिरणीची आठवण निघते तेवढी गोदीची निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

14 एप्रिल 1944 ची आठवण मात्र पुसली गेलेली नाही. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं एकत्र होती. दुपारी चारनंतर झालेल्या स्फोटांत शेकडो माणसं गेली, आग विझवायला धावलेले 66 अग्निशामक जवान गेले. देशभर त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. जहाजावरच्या सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षांनीही गाळ उपसताना हाती लागल्या.

गोदीला खरा धक्का बसला तो मात्र एका पत्र्याच्या पेटीनं. 1956 मध्ये अमेरिकेतल्या माल्कम मॅक्लीननं ट्रकचे 58 डबेच उचलून जहाजावर ठेवले. पोतं, पिंप, गासडी असा सुटा माल चढवायला-उतरवायला जहाजाचे दिवसच्या दिवस जात. तेच काम क्रेन काही तासांत करू लागली. पण त्यासाठी तीन गोष्टी हव्यात: खोल पाणी, सरळ लांब धक्का आणि मागे मैलभर मोकळी जमीन. मुंबईकडे मोकळी जमीन उरलेली नव्हती. म्हणून खाडीच्या पलीकडे जागा शोधली गेली.

26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. नकाशावर ते कोरी पाटी असल्यासारखं आखलं होतं, पण तिथे न्हावा आणि शेवा ही गावं होती, भातखाचरं होती, मिठागरं होती. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी होणाऱ्या भूसंपादनाचा मोबदला योग्य मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि नवघर इथल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व या लढ्यातून आलं. जुना शेवा कोळीवाडा उठवून जिथे वसवला, त्या हनुमान कोळीवाड्याच्या घरांना वाळवीनं पोखरलं आणि पुनर्वसनासाठी तिथल्या पिढ्या भांडत राहिल्या. न्हावा-शेवाच्या क्रेनकडे बघताना मला ही घरंही दिसतात.

त्या बंदरानं काम मात्र अफाट केलं. 1999 मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथे चालू झालं. 2024-25 मध्ये या बंदरानं वीस फुटी पेटीच्या हिशेबानं 73 लाख कंटेनर हाताळले. नाशिकची द्राक्षं शीतपेटीत बसून इथूनच युरोपला जातात. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर 2024 च्या हंगामात जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. वाट दोनेक आठवड्यांनी लांबली आणि त्याचा घोर थेट निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला लागला. वजनाच्या हिशेबानं देशाचा सुमारे 95 टक्के परदेशी व्यापार समुद्रावरून होतो, याचा अर्थ त्याला त्या वर्षी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पाण्याशी झगडा हा देशातल्या जवळजवळ प्रत्येक बंदराचा इतिहास आहे. हुगळीच्या गाळानं कोलकाता बंदर घुसमटलं म्हणून फराक्क्याचं धरण आलं, आणि खाली हल्दियाला नवी गोदी बांधावी लागली. कोचीत रॉबर्ट ब्रिस्टो यांनी तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा बांध फोडला आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट घडवलं. चेन्नईला तर नैसर्गिक आडोसाच नव्हता. समुद्रात भिंती घालून बंदर केलं, वाहत येणारी वाळू भिंतीच्या दक्षिणेला अडकली आणि मरीना बीच रुंद होत गेला. उत्तरेकडचा किनारा मात्र समुद्र खाऊ लागला. 

गाळ न्हावा-शेवालाही सुटलेला नाही. जहाजांचा मार्ग पुन्हा पुन्हा उपसावा लागतो. भरतीची वेळ साधून पंधरा मीटर, म्हणजे आठेक वाव पाण्यात बुडणारी जहाजं आत येतात. जगातली सर्वांत मोठी जहाजं याहून खोल बसतात. म्हणून आता डहाणूजवळ वाढवण. किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर तिथे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे, अकरा वाव. 1998 मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं हे बंदर नाकारलं होतं. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली आणि ऑगस्ट 2024 मध्ये सुमारे 76 हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. कंटेनरच्या हिशेबाला ती खोली हवी आहे, हे मला पटतं. पण ते पाणी रिकामं नाही. घोळ, दाढा, पापलेट तिथे वाढतात, आणि तिथल्या मच्छीमारांना ही खोली अभियंत्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. न्हावा-शेवाला झालेल्या चुका वाढवणला होता कामा नयेत, आणि त्याची हमी कागदावर आधी, भराव नंतर पडला पाहिजे.

मावशींचं बोलणं खरं ठरलं. मोरा बंदरावर संध्याकाळी फेऱ्या थांबल्या. पाणी मागे हटलं होतं, होड्या गाळात कलंडल्या होत्या आणि बगळे त्यांच्याभोवती फिरत होते. समोर घारापुरीच्या आडून एक कंटेनर जहाज दिवे लावून बाहेर निघालं, पुढे टग. अंधार पडल्यावर भरती लागली. तांडेलानं धक्क्याच्या पायरीवरून बांबू पाण्यात घातला, वर काढून ओली खूण बघितली आणि रांगेतल्या आम्हा लोकांना म्हणाला, ‘बसा. अजून अर्धा वाव यायचाय.’