विद्यापीठाचे ग्रंथालय आणि बेल्ह्याचा शेतकरी

जुन्नर तालुक्यातील बेल्हे येथे सोमवारी बाजार भरतो. तेथील बैलबाजार पंचक्रोशीबाहेरही प्रसिद्ध आहे. बैल घेणारा शेतकरी मालकाच्या बोलण्यावर विसंबून राहात नाही. जनावर आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेले आहे, हे तो तोंड उघडून पाहतो, खूर तपासतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच सौद्याला बसतो. परंतु हाच शेतकरी त्याच बाजारातून कांद्याचे बियाणे घेऊन परततो, तेव्हा त्याने किती प्रश्न विचारलेले असतात?

काही वर्षांपूर्वी एका वयस्क शेतकऱ्याने मला त्याचे शेत दाखविले. रब्बीचा कांदा होता; परंतु वाफ्यावाफ्यांतून डेंगळे उभे राहिले होते, आणि उपटून पाहिले तर जोडकांदे पुष्कळ. असा माल चाळीत टिकत नाही व बाजारात त्यास दर मिळत नाही. “साहेब, बियाणं चांगलं आहे असं सगळेच म्हणत होते,” एवढेच तो म्हणाला. बियाणे वाईट नव्हतेच. ते खरिपाचे होते आणि रब्बीत लावले गेले होते. खरिपाच्या जातीची रोपे थंडीत सापडली की डेंगळे येण्याचे व जोडकांदे होण्याचे प्रमाण वाढते. बसवंत ७८० ही खरिपाची जात, फुले समर्थ ही खरीप व रांगडा हंगामांची आणि एन-२-४-१ ही रब्बीची, साठवणीत टिकणारी जात. या शिफारशी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने केलेल्या असून छापलेल्याही आहेत. परंतु बेल्ह्याच्या त्या शेतापर्यंत त्या वेळेवर पोहोचल्या नाहीत. हा दोष शेतकऱ्याचा नव्हे. तो आपणां विस्तार कार्यकर्त्यांचा आहे, आणि त्यांत मीही आलो.

हजेरीपुरती कार्यशाळा

कृषी पदवीचे शिक्षण घेत असताना ग्रंथालयाच्या परिचयवर्गास आम्ही विद्यार्थी हजेरीपुरते बसलो होतो. पुस्तके कोणत्या क्रमाने लावलेली असतात, संशोधन-नियतकालिक कसे शोधावे, प्रबंधाचा सारांश आधी का वाचावा, हे ग्रंथपाल मनापासून सांगत होते, आणि आमचे लक्ष घड्याळाकडे होते. त्या एका तासाची किंमत मला त्या कांद्याच्या शेतात कळली.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांत वर्षभर असे उपक्रम चालतात. नव्या विद्यार्थ्यांसाठी परिचयवर्ग होतात. संगणकावर माहिती शोधण्याच्या कार्यशाळा भरतात. ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून, तर डॉ. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने ग्रंथप्रदर्शने मांडली जातात. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिल्या नियमाचा आशय असा की, ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात. कृषी विद्यापीठाच्या ग्रंथांचा वापर अखेरीस शेतात व्हावयाचा असतो, हे येथे वेगळे सांगावयास नको.

या ग्रंथालयांत आपल्याच गावांची माहिती साठलेली असते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची त्यांची पाहणी १९२१ साली प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले, कर्ज किती होते, पीक कुटुंबास पुरत होते की नाही, याची नोंद त्यांत आहे. अलीकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’ या संगणकीय संग्रहात देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध एकत्र केलेले आहेत. ज्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर हे लिहिले गेले, त्यांच्यापर्यंत ते जात नाही. कारण बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. त्याचे मराठीत सार काढणे हे आपले काम होय.

माहितीचे दात पाहणे

शोध-कार्यशाळेत मुख्यतः शिकविले जाते ते माहिती पारखणे. ते बैल पारखण्याहून फारसे वेगळे नाही. कोणतीही शिफारस समोर आली की चार प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? प्रयोग कोणत्या जमिनीत झाला? कोणत्या हंगामात झाला? आणि किती वर्षे करून पाहिला? भारी काळ्या जमिनीत, कालव्याच्या पाण्यावर मिळालेले उत्पन्न आणे पठारावरील हलक्या जमिनीत मिळेलच असे नाही. एका वर्षाच्या चांगल्या पावसाचे श्रेय वाणास देणेही बरोबर नाही. छापील पुस्तक, दुकानातील पत्रक आणि मोबाईलवरची चित्रफीत, तिन्हींस हेच चार प्रश्न लागू आहेत. त्या शेतकऱ्याने, किंवा त्याच्या वतीने मी, तिसरा प्रश्न जरी विचारला असता, तरी एका हंगामाचे नुकसान टळले असते.

गावात काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न नेमका लिहून काढावा. “कांद्याची माहिती द्या” असे लिहिल्यास काही हाती लागत नाही. “डिसेंबरात लागण करावयाची आहे, जमीन मध्यम आहे, पाच महिने साठवावयाचे आहे, जात कोणती?” असे लिहिल्यास ग्रंथपालास शोध घेता येतो. दुसरी गोष्ट वेळेची. रब्बी कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोपवाटिकेत पडते. तेव्हा उत्तर सप्टेंबरात हाती हवे. तिसरी गोष्ट अशी की, ग्रंथालयास आधी पत्र लिहून बाहेरच्या वाचकांस बसून वाचण्याची परवानगी मागावी, आणि कार्यशाळेस शक्य तर दोन वाचते शेतकरी बरोबर न्यावेत. शेतकऱ्यांच्या घरची कॉलेजात शिकणारी मुले-मुली या कामी फार उपयोगी पडतात.

परत आल्यावर उत्तर एका कागदावर मराठीत लिहून बाजाराच्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवावे आणि तो कागद गावच्या वाचनालयात जपून ठेवावा. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन हे ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावली. तेथे पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि राज्यातील पहिले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. ग्रंथालय आणि विद्यापीठ ही दोन्ही साधने आपल्यापाशी आहेत. त्यांच्यामधली वाट मात्र आपल्या पायांनी पडावयाची आहे.

त्या शेतकऱ्यास पुढच्या हंगामापूर्वी मी जातींच्या शिफारशींचा कागद वाचून दाखविला. त्याने तो दोनदा वाचावयास लावला, घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाला, “हे गेल्या वर्षी पाहिजे होतं.” ग्रामकार्यकर्ते बंधुभगिनींनो, आपल्या गावात कोणासही असे म्हणण्याची पाळी येऊ नये, यासाठी या वर्षी निदान एक प्रश्न घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयाची पायरी अवश्य चढावी.