लेखी निःशब्दतेचे व्याकरण

भावनेच्या अतिरेकाने वाणी कुंठित होणे हा अनुभव नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांमध्ये स्तंभ व स्वरभंग यांची गणना झालेली आहे. परंतु स्तंभ दिसतो आणि स्वरभंग ऐकू येतो. कारण तेथे व्यक्ती समोर असते. लेखनात मौन म्हणजे केवळ कोरी जागा. न लिहिणारा गहिवरला आहे की उठून गेला आहे, हे वाचकास कळत नाही. म्हणून लेखी संभाषणात निःशब्दताही लिहूनच दाखवावी लागते. आंतरजालावरील इंग्रजीने या अडचणीतून काढलेल्या वाटा अभ्यसनीय आहेत.

‘आय कान्ट ईव्हन’ हा त्यांपैकी एक रूढ प्रयोग. त्यात मुख्य क्रियापदच गाळलेले असते. नकारासह आलेले ‘ईव्हन’ हे अव्यय पुढील क्रिया अगदी किमान स्वरूपाची असल्याचे सुचविते. ती किमान क्रियाच अनुक्त राहिल्याने असमर्थता सर्वव्यापी होते. यास अर्धोक्ती म्हणता येईल. परंतु एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. व्हर्जिलच्या ‘ईनीड’मध्ये नेपच्यून वाऱ्यांना दटावताना वाक्य अर्धे सोडतो, तेव्हा उरलेली धमकी श्रोता सहज पुरी करतो. येथे पुरे करण्याजोगे निश्चित असे काही नसतेच.

मराठीत हा प्रयोग जसाच्या तसा उतरत नाही, याचे कारण वाक्यरचनेत आहे. ‘मला बोलवतसुद्धा नाही’ या वाक्यात ‘सुद्धा’ आपल्या शब्दामागून येते आणि ‘नाही’ अखेरीस. वाक्याचा शेवट तोडला की नकारच लोपतो. ‘मला तर अगदी...’ यात उत्कटता उरते, असमर्थता उरत नाही. इंग्रजीत नकार आधीच उच्चारला गेलेला असतो.

दुसरी वाट म्हणजे कळफलकावर बोटे आपटून उमटविलेली निरर्थक अक्षरमाला. तीही स्वैर नसते. भाषाभ्यासक ग्रेचेन मॅककुलक यांनी ‘बिकॉज इंटरनेट’ (२०१९) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे तिच्यात मधल्या ओळीतील अक्षरे विशेष आढळतात. शिवाय उमटलेली माला मनासारखी न दिसल्यास अनेक जण ती खोडून पुन्हा लिहितात.

तेव्हा अशा प्रयोगांस भाषेचा ऱ्हास म्हणणे युक्त नव्हे, आणि ते योजून केलेले म्हणून त्यांमागील भावना खोटी ठरविणेही नव्हे. सात्त्विक भावांचा अभिनय मनाच्या एकाग्रतेवाचून साधत नाही, असे भरतानेच सांगितले आहे.